उदाजीरावांचा फेटा

देवासच्या नीलकंठ मिस्त्रीला लोक देवमाणूस म्हणत. होताही, फक्त एका माणसाच्या बाबतीत त्याच्यातला देव झोपलेला असे. तो माणूस म्हणजे धारचे उदाजीराव.

नीलकंठचा बाप गणोजी पूर्वी त्यांचा ड्रायव्हर होता. एका दसऱ्याला उदाजीरावांच्या काळ्या विलायती मोटारीचं तेल धुतलेल्या फरशीवर ठिबकलं. सोनं द्यायला पाहुणे आलेले. गणोजी फडकं शोधू लागला, तर उदाजीराव म्हणाले, "शोधतोस काय? डोक्यावर आहे की!" गणोजीने चारचौघांत फेटा सोडला आणि फरशी पुसली. "तो कोपरा राहिला," उदाजीरावांनी बोट दाखवलं. पाहुणे खो-खो हसले. गणोजीने धार सोडलं ते कायमचं. पुढे पोराच्या लग्नातही तो बोडक्याने उभा राहिला. असं का, ते त्या दिवशी आईने सांगितलं आणि नीलकंठने ते गाठीशी बांधून ठेवलं.

चौऱ्याऐंशी साली उदाजीरावांच्या लेकीचं लग्न ठरलं. जावयाची वरात त्याच मोटारीतून निघणार, असं म्हातारा गावभर बोलून बसला. मोटार मात्र वर्षानुवर्षं कुलपात. इंदूरच्या मिस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा बोलावणं नीलकंठला आलं. तो कुणाचा मुलगा, हे कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

इंजिनात तेल ओतलं तसं ते जागोजागी पाझरू लागलं. उभ्या गाडीचं असंच होतं: सील सुकून कडक होतात, कॉर्कच्या पॅकिंगांचा हात लावताच भुगा होतो. नीलकंठने सगळी नवी बसवली. कामात खोट ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. फक्त इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट त्याने मुद्दाम अर्धा आटा सैल ठेवला.

लग्नाच्या दिवशी त्याने बापाला देवासहून आणून उदाजीरावांच्या अंगणात खुर्ची दिली. बँड वाजू लागला, सुरू केलेलं इंजिन तापलं आणि मोटारीखाली थेंब पडला. मग दुसरा.

"भिया, बारात सिर पे है! कर ना काहीतरी!" उदाजीराव घामाघूम झाले.

"सरकार, गळती कुठली ते आधी दिसायला हवं. खाली पांढरं कापड पसरावं लागेल."

चादरी आल्या त्या फुलाफुलांच्या. पाहुण्यांचे फेटे गुलाबी.

"शोधता काय?" गाडीखाली शिरत नीलकंठ म्हणाला. "डोक्यावर आहे की. तुम्हीच पसरा, माझे हात भरलेत."

उदाजीराव क्षणभर घुटमळले. बँड वाजतच होता. त्यांनी पांढराशुभ्र फेटा सोडला, सगळ्या व्याह्यांसमोर गुडघे टेकले आणि कापड मोटारीखाली सारू लागले. काळं तेल टपटप त्यावर पडलं. नीलकंठला इतकं बरं वाटलं, की पान्हा हातात असून तो नुसता बघत राहिला.

तेवढ्यात खुर्चीतून गणोजीचा आवाज आला.

"सरकार, तो कोपरा राहिला."

उदाजीरावांचा हात थबकला. त्यांनी वळून गणोजीचं बोडकं डोकं पाहिलं, मग चेहरा पाहिला. ओळख पटली तशी त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

नीलकंठने नट आवळला. ठिबकणं थांबलं. तो बाहेर आला, हात पुसले आणि बापाला आधार देऊन फाटकाबाहेर पडला.

"नीलकंठा," गणोजी म्हणाला, "बाजारात जरा रुक. मला फेटा घ्यायचाय."