पट्टी कोण बदलत होतं?

पिल्लू घरात आलं तेच कान कापून, टाके घालून. वाळवंटाकडच्या एका फार्मवरून नवऱ्याने ते आणलं. डॉबरमन. कानांच्या कडांना काळे टाके, डोक्यावर फोमचा पांढरा तुकडा आणि त्याला दोन्ही कान चिकटपट्टीने ताणून उभे बांधलेले. आखातातल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या ते माझ्या नव्या गालिच्यावर मुतलं. मला कुत्री आवडत नाहीत, हे मी पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवलं. चौथ्या दिवशी ते माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायला लागलं होतं आणि पायाला मुंग्या आल्या तरी मी हलत नव्हते. मुलीने त्याचं नाव ठेवलं होतं. ते इथे लिहायला माझा हात धजत नाही.

मुलगी तेव्हा बारावीत. कान बघून तिने बापाला विचारलं, "हू डिड धिस टु हिम?"

"फार्मवाल्याच्या माणसाने. मीच सांगितलं होतं. कान उभे राहिले की रुबाबदार दिसतो गं."

"बाबा, ही इज अ बेबी!"

"मग तुझे कान बाराव्या दिवशी टोचले तेव्हा तू कोण होतीस? तुला विचारलं होतं कोणी?"

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मुद्दा मला पटलाही होता. मुलीने मात्र पिल्लाला उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतं बोलायला लागली.

नवरा रिफायनरीत इंजिनिअर. फार्मवाल्याने फोनवर पाठवलेल्या सूचनांचा त्याने तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. दर तीन दिवसांनी पट्टी बदलणे. टाके कोरडे ठेवणे. दिलेल्या मलमाशिवाय काहीही न लावणे. वास आल्यास ताबडतोब डॉक्टर. पुढे खूण करायला चौकोन. "पट्टीचं काम माझं," असं त्याने जाहीर केलं आणि पहिली पट्टी बाथरूममध्ये बसून बदललीसुद्धा. पिल्लू असं किंचाळलं की मुलगी हेडफोन लावून गॅलरीत जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

मग त्याच्या प्लांटचं शटडाऊन लागलं. दुरुस्तीसाठी प्लांट बंद, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द, पहाटे गेलेला माणूस घरी येतो तो नुसता अंथरुणावर पडायला. पट्टीचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मुलीला तो आवाज सोसत नाही म्हणून ती शाळेला गेली की मी दार लावून पट्टी बदलायची आणि तक्त्यावर नवऱ्याच्या चौकोनात खूण करून टाकायची. मी हे करते आहे, हे तिला सांगावं असं काही मला वाटलं नाही. एवढंसं काम, त्याचा काय गाजावाजा करायचा!

पट्टी ओढली की खपली निघायची. मलम लावलं की ते तडफडायचं. टाक्यांच्या कडा सुकून तडकलेल्या. मला माझ्या लेकीचे कान आठवले. नाशिकला सोनार घरी येऊन टोचून गेला आणि दोन दिवसांत पाळी सुजून लाल झाली होती. माझ्या आईने खोबरेल तेलात हळद कढवली, कोमट करून बोटाने लावली आणि आठवड्यात कान खडखडीत बरे झाले. मी कढलं गॅसवर ठेवलं. तक्ता समोरच होता, वाचताही येत होता. पण इंजिनिअरच्या तक्त्याला बाळंतपणातलं काय कळतंय, असं मी मनाशी म्हटलं. माझा स्वभावच तसा, एकदा मला कळतं असं वाटलं की वाटलं.

तेल लागलं आणि पिल्लू पहिल्यांदा किंचाळलं नाही. त्याने माझा अंगठा चाटला. मला इतकं बरं वाटलं की मी रोजच पट्टीची कड उचलून थोडं थोडं लावायला लागले. तेलामुळे पट्टी सुटायची, म्हणून वरून आणखी दोन वेढे घट्ट मारायची.

तो सप्टेंबरचा शेवट होता. समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेने खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. चार-पाच दिवसांनी पट्टीतून पिवळं झिरपू लागलं. मी म्हटलं, हळद. फोमवर पिवळा डाग पसरला. मी म्हटलं, हळदच. थोडा वास यायला लागला, तो मी बंद घराच्या आणि ओल्या गालिच्याच्या माथी मारला. पिल्लाने खाणं कमी केलं तेव्हा मी त्याला दहीभात कालवून भरवला, आणि त्याने केवळ माझ्यासाठी म्हणून दोन घास खाल्ले. हे मला आजही सहन होत नाही.

शुक्रवारी नवऱ्याला पहिली सुट्टी मिळाली. पिल्लू उठेना. मुलीने त्याला मांडीवर घेतलं आणि ओरडली, "मॉम, ही इज बर्निंग!"

डॉक्टर इजिप्तचा, वयस्क, शांत माणूस. त्याने कात्रीने एकेक वेढा कापला. पट्टी निघाली आणि सगळ्या खोलीत वास पसरला. त्याने कापसाने पिवळं पुसलं, तरी खालून पिवळंच येत राहिलं. ती हळद नव्हती. डाव्या कानाची कड काळी पडली होती आणि बोट लावताच सुटून आली. मुलीने तोंडावर हात दाबला.

"याला तेल लावलंय," डॉक्टर इंग्रजीत म्हणाला. "तेलाखाली सगळं सडलंय. पट्टी कोण बदलत होतं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मी," नवरा म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे बघितलं. आपल्या पोटच्या पोरीची कुणाकडे बघताना अशी नजर मी कधी पाहिली नव्हती. आणि मी मूग गिळून गप्प बसले. पिल्लाच्या पोटावर माझा हात होता, तो तसाच राहिला.

रविवारी, म्हणजे इथल्या शाळेच्या दिवशी, दुपारी क्लिनिकमधून फोन आला. विष रक्तात भिनलं होतं. मुलगी शाळेच्या गणवेशातच जमिनीवर बसून रडली आणि मी तिच्या शेजारी बसून रडले. बाप दारात उभा होता. त्याला तिने आत येऊ दिलं नाही.

नंतर गाडीत आम्ही दोघंच असताना मी त्याला विचारलं, "तू असं का केलंस?"

"कान कापायला सांगितले तेव्हाच मी तिच्या मनातून उतरलो होतो," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "दोघांनी कशाला उतरायचं?"

"मी तिला सांगते."

"सांग."

मी सांगितलं नाही. आधी तिची परीक्षा होती. मग ती जरा हसायला लागली होती. मग माझं मला कळून चुकलं की कारणं संपली तरी मी सांगणार नाही. रोज जेवताना ती बापासमोरचं भांडं माझ्याकडे मागायची, आणि मी उठून तिला ते द्यायची.

जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजसाठी निघाली. विमानतळावर बापाला लांबूनच "बाय, बाबा" म्हणाली. मग माझ्या गळ्यात पडली. खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "यू वेअर द ओन्ली वन हू टुक केअर ऑफ हिम, मॉम. तू नसतीस तर त्याचं कोणीच नव्हतं."

नवरा ट्रॉली धरून तीन पावलांवर उभा होता. त्याला ऐकू गेलं. तो ट्रॉलीवरच्या बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत राहिला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पासपोर्ट हाताशी ठेव गं."