जर्मन आजोबांची रेकॉर्ड

दोन हजार चार-पाच साल असेल. इंग्लंडात मेडनहेडला आयटीची नोकरी होती आणि शनिवार-रविवारी खोली खायला उठायची. सोमवार ते शुक्रवार निदान कोणीतरी "यू ऑल राइट?" विचारायचं, उत्तरासाठी थांबायचं नाही ते सोडा. म्हणून रविवारी दुपारी मी स्टेशनजवळच्या पबमध्ये जाऊन बसायचो. तिथे पाच पेन्शनर स्विंग, म्हणजे जुनं अमेरिकन नाचाचं जॅझ, वाजवायचे.

क्लॅरिनेटवाले आजोबा जर्मन होते. एकदा ब्रेकमध्ये माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देता. आमचे जर्मनही तेच करतात. स्विंग दुसऱ्या-चौथ्यावर असतं." भजनात वाढलेला माझा हात, तो काय करणार! पण त्यानंतर ते दर ब्रेकला माझ्याशेजारी बसू लागले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची ही बंदी असलेली गाणी त्यांनी जर्मन नावं देऊन तळघरात वाजवली होती. युद्धानंतर तिथे तळ ठोकलेल्या अमेरिकन सैनिकांच्या क्लबात वाजवून हात पक्का झाला. "लोकांना वाटतं आम्ही नुसती नक्कल केली," ते म्हणायचे. "आम्ही आमच्या चालीही बांधल्या."

एका रविवारी म्हणाले, "शनिवारी घरी या. आमच्या तिकडच्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली. त्यात माझी चाल आहे, ऐकवतो."

वर्षभरात या देशात मला कोणी घरी बोलावलं नव्हतं. इतका आनंद झाला, आणि मी शहाण्याने काय म्हणावं? "नको, नको, उगाच तुम्हाला त्रास." आपल्यात पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा हावरट ठरतो. त्यांनी "त्रास कसला!" म्हणून आग्रह करायचा, मग मी आढेवेढे घेत जायचं. ते "बरं" म्हणाले आणि क्लॅरिनेट पुसायला लागले.

पुढचे कितीतरी रविवार मी दुसऱ्या आग्रहाची वाट पाहिली. स्वतःहून विचारायला जीभ रेटेना. ते आता ब्रेकमध्ये बारपाशीच उभे राहायचे. हिवाळ्यात त्यांची खुर्ची रिकामी दिसली. मुलीकडे कायमचे जर्मनीला गेले, पियानोवाल्या बाई म्हणाल्या. मी रेकॉर्डचं विचारलं.

"इतकी वर्षं बरोबर वाजवलं, पण आम्हाला कधी ऐकवली नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्हाला बोलावलं होतं. तुम्हाला नको होती, म्हणाले."

मला हवी होती. त्याहून जास्त, मला ते आजोबा हवे होते. बाई पुढच्या गाण्यासाठी निघून गेल्या, आणि माझं ते सांगायचं राहिलं.