तिसऱ्या खणाची तहान

कोर्टात बत्तीस वर्षं साक्षी टाइप करण्यात गेली. शपथ घेऊन माणूस किती आत्मविश्वासाने खोटं बोलतो हे रोज पाहिल्यावर भूत, करणी, नजर असल्या बिनशपथेच्या गोष्टींवर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. अजूनही नाही. तेव्हा हे साक्ष म्हणूनच वाचा. उलटतपासणीला मी तयार आहे... उत्तरं मात्र नाहीत.

आम्ही दिंडोशीला राहतो, कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी मुलगी रेवती पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून आतली बेडरूम तिच्यासाठी लावायला घेतली. लोखंडी कपाट गंजलं होतं. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, बाळाच्या कपड्यांसाठी खणांचं लाकडी कपाट हवं होतं. म्हणून ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेलो.

दुकानदार स्वतःला 'क्युरेटर' म्हणवून घेत होता. अंगात खादीचा कुर्ता, चष्मा कपाळावर.

"सर, विलायती पाइन. शंभर वर्षं जुनं. कुठल्या तरी थंड देशातून बोटीने आलंय."

आमच्या लहानपणी पाइन म्हणजे खोक्यांचं लाकूड. परदेशातून यंत्रं त्यात यायची आणि रिकामी खोकी फोडून लोक बंबात घालायचे. तेच लाकूड शंभर वर्षं टिकलं की अँटिक होतं. माणसाला ही सोय नाही.

पण कपाट चांगलं होतं, हे मान्य करतो. चारही खण काढून मी उलटे करून पाहिले. सांधे हाताने कापलेले, किडीची भोकं होती पण जुनी, भुसा पडत नव्हता. रंग मधासारखा. निघताना क्युरेटरने सूचना दिल्या — उन्हात ठेवू नका, ओलं फडकं लावू नका, वर्षातून दोनदा मधमाशांचं मेण चोळा, खण अडकले तर कडांना मेणबत्ती घासा.

"आणि भिंतीला चिकटवू नका. लाकूड श्वास घेतं."

"आमच्या घरात श्वास आम्हालाच पुरत नाही," सुनंदा म्हणाली. तरी घरी आल्यावर तिने कपाटाला हळद-कुंकू लावलंच.

जुलैमध्ये नात झाली. जुलै आणि तान्हं बाळ म्हणजे घरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर न वाळणारी दुपटी. त्यात पावसाने लाकूड फुगलं आणि खण अडकायला लागले. मेणबत्ती घासून माझं मनगट दुखायला लागलं. तिसरा खण मात्र आरामात सरकायचा. एकदा सुनंदाने घाईत ओलसर दुपटं त्यात टाकलं. तासाभराने काढलं, तर पापडासारखं कडक!

मी दोन नॅपकिन भिजवून पिळले. एक दुसऱ्या खणात ठेवला, एक तिसऱ्यात. दुसऱ्यातल्याला कुबट वास आला. तिसऱ्यातला खडखडीत वाळला होता.

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. पण आम्ही मुंबईत पावसाळे काढलेली माणसं.

"झकास!" रेवती म्हणाली. "ड्रायर आला घरात."

त्या दिवसापासून बाळाचा एकेक कपडा त्या खणातून निघायला लागला.

दोनेक आठवड्यांनी बाळ सारखंच दूध मागायला लागलं. प्यायचं, पाच मिनिटांनी परत रडायचं. ओठ सुकलेले. वजन वाढेना. डॉक्टरांनी सगळं तपासलं. दूध पुरेसं, इन्फेक्शन नाही. "का वाढत नाही ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "चार दिवसांनी परत आणा. नाहीतर ॲडमिट करू."

"आई, मीच कमी पडतेय का गं?" रिक्षात रेवती म्हणाली आणि रडायला लागली.

पुढचे दोन दिवस मला बसवेना. पेपर उघडायचा, मिटायचा, उठून आतल्या खोलीत जायचं. का, ते मलाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या खणात हात घातला की बोटांची टोकं कोरडी पडायची... निदान मला तसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा बाळाला दुपट्यात गुंडाळून कपाटासमोर उभी होती.

"अहो, हे घरी आलं तेव्हा आपण पाणी विचारलं का?"

"कुणाला?"

"याला."

"सुनंदा, ते फर्निचर आहे."

"दारात कुरिअरवाला आला तरी आपण आधी पाणी विचारतो. हे समुद्र ओलांडून आलं. आपण कुंकू लावलं आणि लगेच कामाला जुंपलं! श्वास घेतं म्हणाला ना तो? मग तहान लागत नसेल?"

"अगं, लाकूड ओल शोषतं. साधी गोष्ट आहे."

"मग बाकीचे तीन फुगले, हाच कसा नाही फुगला?"

उलटतपासणीत मी तिथेच पडलो.

तिने पेलाभर पाणी तिसऱ्या खणात ठेवलं आणि खण लावला. अकरा वाजले होते. चार वाजता उघडला, तर पेला रिकामा. उभाच होता. खणाचं लाकूड कोरडं, कुठे डाग नाही. तिने पुन्हा भरला. त्या संध्याकाळी बाळ सलग तीन तास झोपलं.

चौथ्या दिवशी वजन थोडं वाढलं होतं, पुढच्या आठवड्यात चांगलंच. "कधी कधी वेळ लागतो," डॉक्टर म्हणाल्या. मीही जोरात मान हलवली.

रेवती बाळाला आणि दुपट्यांचा गठ्ठा घेऊन मुलुंडला सासरी गेली. पेला रोज भरणं चालू राहिलं. डिसेंबरात सुनंदा दोन दिवस बहिणीकडे गेली आणि मला शास्त्र सुचलं. म्हटलं, एक दिवस पाणी न ठेवता बघू.

दुपारी एकला फोन आला.

"बाबा, आई आहे का? ही सकाळपासून सारखी पितेय. ओठ पण परत तसेच..."

"अंगावर दुपटं कुठलंय?"

"तिकडचंच, निळ्या काठाचं. का हो?"

फोन कानाला तसाच धरून मी स्वयंपाकघरात धावलो. पेला भरला, खणात ठेवला, थांबलो. मग तांब्याच आणून शेजारी ठेवला. फोनमधून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. हळूहळू ते थांबलं.

"झोपली वाटतं," रेवती म्हणाली. "बाबा, पाणी कसलं ओतत होता?"

"कुंडीत," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! ज्यांच्या साक्षी बत्तीस वर्षं टाइप केल्या, त्यांच्याच रांगेत जाऊन बसलो.

सुनंदाला हे अजून सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. एकदा झालं तर योगायोग, प्रयोग दुसऱ्यांदा करून बघायला हवा, हे मलाही कळतं. नात आता भिंतीला धरून उभी राहते. दुसऱ्यांदा मी करणार नाही. रोज सकाळी, माझा चहा व्हायच्या आधी, पेला भरून तिसऱ्या खणात ठेवतो.