सरदारीण आणि तांबडी आगवळ

"अरे ए बाळ्याऽ, ऊठ! तुझी आत्ती मेली बघ! मला न सांगता मेली, सटवी!"

तानूमावशी आमच्या दारात उभी राहून असा गळा काढत होती की, समोरच्या तालमीत पैलवानांनी आवळलेल्या पकडी आपोआप सुटल्या. मी धोतर सावरत बाहेर आलो. मावशीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, जाळ होता. "काल दिवं लागायच्या वक्ताला म्हणली, 'तानू, तुला सकाळी उत्तर देतो.' आता सकाळ झाली, आन ही गप पडलीया. भांडान अर्ध्यात टाकून जात्यात व्हय?" असं म्हणून तिनं कमरेवर हात ठेवले आणि मी जणू आत्तीचा वकील असल्यासारखी माझ्याकडं बघत राहिली…

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरण्या वयात नवरा गेला, तेव्हापासून रंकाळा वेशीकडच्या आमच्या बोळात एक खोली, एक परसू आणि एक कोंबडी एवढ्या मुलखावर तिनं राज्य केलं. मधे हातभर उंचीची भिंत, आणि पलीकडं तानूमावशी. त्या भिंतीवरून जेवढ्या शिव्या गेल्या-आल्या, तेवढ्या विटा भट्टीतून निघाल्या असत्या तर पंचगंगेवर आणखी एक घाट बांधून झाला असता. आत्तीच्या आवाजाबद्दल काय सांगू? महाराजांचा हत्ती एकदा पाण्याला निघाला असताना बोळाच्या तोंडाशी आला, आत्तीची हाळी ऐकली आणि वळायला जागा नाही म्हणून मागच्या पायांनी उलटा थेट पागेपर्यंत गेला. माहुताला विचारा म्हटलं असतं, पण माहूत आता नाही. हत्तीही नाही. तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवायला हवा.

कोंबडीचं नाव सरदारीण. तिची अंडी तालमीत जायची आणि पिल्लं शनिवारच्या बाजारात. त्यावर आत्तीची चूल पेटायची. "सरदारीण हाय तवर मी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत न्हाय," असं ती माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. आईही काही कमी नव्हती. आमच्याकडं आत्तीसाठी जात्याजवळची एक जागा कायम झाडून ठेवलेली असे. आत्ती त्या जागेकडं बघायची ते फाशीच्या दोराकडं बघावं तसं.

आणि खासबागेचं कुस्त्यांचं मैदान अजून व्हायचं होतं त्या सुमाराला सरदारीण खंगायला लागली. दाणे टिपायची, पण अंगाला लागायचे नाहीत. तुरा पांढुरका पडला, छातीचं हाड विळ्यासारखं वर आलं. आत्तीची कोंबडी तोलायची रीत निराळीच होती. रोज सकाळी डाव्या हातावर सरदारीण, उजव्या हातात पोचे पडलेला तांब्या. दोन्ही हात सारखे जड लागेपर्यंत तांब्यातलं पाणी सांडायचं. आधी पाणी गळ्याशी असायचं. मग ते पोटाशी आलं. मग तळाला जेमतेम घोटभर. त्या सकाळी आत्ती ओरडली नाही. सगळ्या बोळाला वाटलं, काहीतरी भयंकर झालं.

लसूण झाला, हळद झाली, तुपात खललेले मिरे झाले. राखेत लोळवून झालं. शेवटी देवरशी आणला. त्यानं कोंबडीकडं न बघता आत्तीचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "बाई, करणी हाय. लांबची न्हाय. भिंतीपल्याडची." एवढंच हवं होतं! कारण तेवढ्यातच आत्तीची केस बांधायची लोकरीची तांबडी दोरी, आगवळ, हरवली होती. कुणाचे केस आणि आगवळ हाती लागली की करणी करता येते, हे आमच्या बोळात शेंबडं पोरही जाणे. आत्ती म्हणून तर विंचरताना गळालेले केससुद्धा बाहेर टाकत नसे. तानूच्या हाती लागू नयेत म्हणून गुंडाळी करून परसातल्या भिंतीच्या भोकात कोंबायची.

मग सूड सुरू झाला. आत्तीनं शेगडीत लाल मिरच्यांची धुरी केली आणि वारा भिंतीपलीकडं जायची वाट बघत बसली. वारा गेला, पण एकट्या तानूमावशीच्या घरी थांबेना. सगळी पेठ खोकत रंकाळ्याच्या काठाला जाऊन बसली. हुपरीहून पैंजण विकायला आलेले एक पावणं शिंकून शिंकून पिशवी टाकून पळाले. आत्ती मात्र धुरात उभी. "चोरटे! माझी आगवळ दे! माझी सरदारीण गेली तर तुझं डालगं सुदीक ऱ्हाऊ देत न्हाय!"

तानूमावशी पदरानं नाक दाबून भिंत ओलांडून आली. "मी चोरलो? मी? आण ती कोंबडी हिकडं. करणी बाहेर काढून तुझ्या तोंडावर मारतो आन मग जातो." आत्ती म्हणाली, "हात लावलास तर मनगट उपटीन." पण सरदारिणीची मान कलली होती, आणि आमच्या घरात आई जात्याजवळची जागा झाडत असल्याचा आवाज येत होता… आत्तीनं कोंबडी पुढं केली. द्यावी लागली हो.

मावशीनं गळ्याखाली दाबून बघितलं. दाण्याची पिशवी लिंबाएवढी टणक. "हितं काय तरी अडकलंय. कापाय लागतंय." न्हाव्याकडून वस्तरा मी आणला. तानूमावशीनं पंख आणि पाय धरले, आत्तीनं पिसं उपटून चीर दिली. त्या दोघींचे हात एका कामाला लागलेले बोळानं तेवढे एकदाच बघितले. आधी कुजके दाणे आले. मग केस. ओढावं तेवढे केस! काळे, मधेच पांढरे, लांबच लांब. मी एक टोक धरून चालत सुटलो असतो तर जोतिबाचा डोंगर चढून झाला असता. आणि सगळ्यात शेवटी, केसांच्या पोटातून, गुंडाळी झालेली तांबडी आगवळ.

आत्तीनं भिंतीतल्या भोकाकडं बघितलं. भोक रिकामं होतं, आणि ते बरोबर कोंबडीच्या चोचीच्या उंचीवर होतं.

"ही तुझी करणी," मावशी म्हणाली. मग स्वतःची गोधडीची सुई आणून तिनंच चीर शिवली. सरदारीण ताकातल्या कण्यांवर जगली, तांब्यातलं पाणी पुन्हा गळ्याशी आलं. आता इथं दोघींचं जमलं असं लिहायला मला कुणी सांगू नका. तानूमावशीनं ती आगवळ धुतली, वाळवली आणि आपल्या दाराच्या चौकटीला खिळा मारून टांगली. आत्तीनं सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन तिचं. आत्तीनं ती आपली असल्याचं कधीच कबूल केलं नाही. उलट तिनंही डाव टाकला. सरदारिणीच्या पुढच्या पिल्लांत कोंबडा निघाला, त्याचं नाव तिनं गणपा ठेवलं. गणपा म्हणजे तानूमावशीचे यजमान! मावशीला बिचारीला नवऱ्याचं नाव तोंडातून काढता येईना, आणि आत्ती दिवसभर हाका मारतेय, "गणप्याऽ, मेल्या, पुन्हा उकिरड्यावर?" त्यानंतर त्या घराण्यातला प्रत्येक कोंबडा गणपा आणि प्रत्येक कोंबडी सरदारीण. गणपाकाका वारले तेव्हा मात्र आत्तीनं त्या कोंबड्याला महिनाभर नुसतं "अरे" म्हटलं. तेवढंच.

आत्तीला उचलायची वेळ आली तेव्हा तानूमावशी गर्दी सारत पुढं आली. चौकटीवरची आगवळ तिच्या मुठीत होती. ती तिनं तिरडीवर अक्षरशः फेकली. "घे. तुझी हाय. आता मला चोर म्हनाय परत येऊ नगंस." आईनं आगवळ उचलून आत्तीच्या केसांत सरळ केली… खिळा अजून तिथंच आहे. दारातून येता-जाता आता तोच डोळ्यात भरतो.

गेल्या आठवड्यात मी आत्तीच्या खोलीला कुलूप लावायला गेलो. तांब्या जागेवर नव्हता, सरदारीणही नव्हती. भिंतीपलीकडं बघितलं तर तानूमावशी उभी. डाव्या हातावर सरदारीण, उजव्या हातात तो पोचे पडलेला तांब्या. आत्ती गेल्यापासून कोंबडीनं दाणा सोडला होता, असं शेजारी सांगत होते. मावशी रांजणातलं पाणी ओंजळीनं थोडं थोडं तांब्यात घालत होती आणि डोळे मिटून दोन्ही हात तोलत होती.

"मावशी," मी म्हटलं, "तुझा-तिचा जलमाचा दावा. मग तिची कोंबडी कशाला जपतीस?"

तिनं डोळे उघडले नाहीत.

"मेली तर ती म्हणंल, मीच मारलो."