तापात चोळलेला पाय

सातासमुद्रापार जाऊन मी आधी काय शिकले, तर जमिनीवर पडून राहायला. पहिला आठवडाभर तिथल्या शिक्षकांनी आम्हा सगळ्यांना लाकडी जमिनीवर उताणं निजवलं आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवायला लावली. तीसुद्धा इतकी हळू की शेजारचा गोरा घोरायला लागला. मुंबईच्या इस्पितळात सहा वर्षं मोडलेले हातपाय चोळून, हलवून मी इंग्लंडला पुढच्या शिक्षणासाठी गेले होते. हातांच्या स्पर्शानं आणि हालचालीनं शरीर कसं सुधारायचं, ते तिथे शिकवायचे. मनात म्हटलं, एवढ्यासाठी बोटीत ओकत यायची काय गरज होती? आमच्या गावी, कळंबला, ओटीवर जेवण झालं की सगळे हेच करतात.

दुसऱ्या आठवड्यात मात्र आमच्या बाईंनी प्रत्येकाला आपल्या हातांचं काम त्यांच्यावरच करून दाखवायला सांगितलं. साठीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? माझ्या आईनं, मी म्हणाले. आमच्याकडे कुणाची मान अवघडली, पाय मुरगळला, की लोक आईकडे येत. करंजाचं तेल कोमट करून ती चोळायची.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण कौतुक झालं की माझी जीभ सैल सुटते. मी सगळ्या वर्गाला आमच्या धाकटीची गोष्ट सांगितली. ती चार वर्षांची असताना तापानं फणफणली आणि तिचे दोन्ही पाय लुळे पडले. आईनं आठ दिवस, दिवसातून चारदा, तिचे पाय दाबून चोळले. पोर किंचाळायची. मी बारा वर्षांची, मी तिचे खांदे धरून ठेवायची. शेवटी एक पाय सुधारला. एक तरी आईच्या हातानं वाचला, असं सगळं गाव म्हणायचं. मी या कामात आले ती त्याच पायामुळे, हेही मी छाती पुढे काढून सांगितलं.

बाईंनी विचारलं, ताप असताना चोळलं?

हो, मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला. पाय लुळे पाडणाऱ्या त्या तापात पायांना नुसता आराम द्यायचा असतो, त्या म्हणाल्या. चोळल्यानं लुळेपणा वाढू शकतो. तुझ्या बहिणीचा किती वाढला, की वाढलाच नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी हादरले. मुंबईत आमच्याकडे असली पोरं यायची ती ताप जाऊन महिने उलटल्यावर, तेव्हा आम्ही चोळतच होतो. आधीच्या दिवसांचं मी कधी विचारलंच नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस माझ्या तळव्यांना धाकटीचे लहानसे खांदे जाणवत राहिले, आणि माझेच हात मला नकोसे झाले.

आईला यातलं अक्षर सांगायचं नाही, असं ठरवूनच मी घरी आले. धाकटी दारातच उभी होती. उजवा हात मांडीवर दाबून ती पाऊल टाकते, त्यामुळे तिचं प्रत्येक लुगडं त्या एकाच जागी विरलेलं असतं. आई शेजारणींना सांगत होती, "माजंच काम साहेबाच्या देशात शिकून आली." मी हसले.

चौथ्या दिवशी सकाळी गावातली एक बाई पोर कडेवर घेऊन आली. "काकी, कालपास्नं पाय धरीत नाय बगा." पोराचं अंग चटके देत होतं. आईनं तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली, बोटं बुडवली आणि पोराचा पाय मांडीवर घेतला. मी तिचं मनगट धरलं.

"आई, नको."

"का गं?"

"या तापात चोळायचं नसतं. पाय आणखी जातो."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ओटीवर धाकटी तांदूळ निवडत होती, तिच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कुनाचाच नाय चोळायचा?"

"कुणाचाच नाही."

तिनं वाटी खाली ठेवली. पोराला फळीवर निजवून, पाय न हलवता, मी त्याच्या आईबरोबर मिळेल त्या गाडीनं कर्जतच्या दवाखान्यात गेले. परतले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आई तिथेच, गार तेलापुढे बसलेली होती. जेवली नव्हती. इतक्या लांब जाऊन मी तिच्यासाठी हे घेऊन आले होते.

धाकटी मांडीवर हात दाबत आली आणि आईसमोर बसली. सकाळी तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि तो बारीक पाय दोन्ही हातांनी उचलून आईच्या मांडीवर ठेवला.

"मला आता कुठं ताप हाय?" ती म्हणाली. "चोळ."

आईनं दोन्ही तळहात त्या पायावर ठेवले. मी वाटी उचलली आणि तेल कोमट करायला चुलीपाशी गेले.