वेंकूच्या काळजाचे ठोके

वेंकू गेल्याचं कळलं तेव्हा मी बसवनगुडीत आमच्या गच्चीवर मंडळींना प्राणायाम शिकवत होतो. त्याचा मेहुणा जिन्यात येऊन नुसता उभा राहिला आणि मी समजलो. तरी चालू आवर्तन पुरं करूनच उठलो... माझा शिस्तीचा तोरा! वेंकू माझा मावसभाऊ, सहा वर्षांनी धाकटा. त्याला जाऊन महिना झाला. चार चांगले शब्द लिहा, असं सगळे म्हणतात. लिहितो, पण खरं सांगायचं तर मी त्याच्यावर जळत आलो.

बिचाऱ्याची छाती धडधडायची. कचेरीत साहेबांनी नुसती हाक मारली तरी दरदरून घाम फुटायचा. तपासण्यांत काही सापडेना. शेवटी एका इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला नव्या यंत्रावर बोलावलं. छातीला तारा लावायच्या, की काळजाच्या प्रत्येक ठोक्याला टक् असा आवाज यायचा. तो ऐकत ऐकत रोग्यानं आपले ठोके आपणच हळू करायला शिकायचं. गोळी नाही, सुई नाही. मी म्हटलं, अरे, ही तर आमच्या घरची विद्या! बारा वर्षं नेमानं प्राणायाम करणारा माणूस मी. वेंकूला धीर द्यायला म्हणून बरोबर गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "आधी मी करून दाखवतो."

पाठ ताठ केली, डोळे मिटले, श्वास रोखला. टकटक वाढतच चालली! जितका जोर लावावा तितकी ती पळायची. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "पहिल्यांदा होतं असं." मग वेंकू बसला, पोत्यासारखा सैल. थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिला आणि टकटक चक्क मंदावली.

"काय केलंस रे?"

"काही नाही, अण्णा. उगीच ऐकत बसलो."

उगीच! माझी बारा वर्षं पाण्यात आणि हा उगीच बसला!

दोन-तीन महिन्यांत त्याला यंत्राशिवायही जमायला लागलं. साहेबांसमोर ताठ उभा राहून बोलू लागला. लग्नकार्यात नातेवाईक मला ओलांडून त्याच्याभोवती जमायचे. माझ्या पोटात असं दुखायचं म्हणून सांगू! अशात एक दिवस तो माझ्याकडे आला. "अण्णा, यात काही वावगं नाही ना? तुम्हाला यातलं कळतं."

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "गुरूशिवाय काळजाशी खेळू नये. एखाद्या दिवशी थांबेल ते."

साफ खोटं. मला यातलं काडीचंही कळत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. "सरी, अण्णा," कानडीत ‘बरं’ एवढंच म्हणाला आणि पुन्हा इस्पितळाची पायरी चढला नाही. धडधड परत आली. बढती चालून आली, तीही भीतीपोटी नाकारली. सात वर्षं हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा रे, मी खोटं बोललो, हे एकदाही तोंडातून निघालं नाही.

यंदा मात्र खरंच हृदयाचं दुखणं निघालं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याची नाडी सैरावैरा धावत होती. मी मनगट धरून बसलो होतो. अगदी बारीक आवाजात म्हणाला, "अण्णा, आता करू का? स्वल्पच..."

"कर रे बाबा, कर."

त्यानं डोळे मिटले. माझ्या बोटांखाली नाडी हळूहळू शांत होत गेली. त्याची बायको सुमती देवाला हात जोडून रडायला लागली. आणि माझ्या मनात काय आलं? याला अजून जमतं!... मरणाच्या दारातल्या भावाचासुद्धा मी हेवा केला.

हल्ली दर रविवारी मी त्यांच्या घरी जातो. खिडकीपाशी त्याची वेताची खुर्ची आहे. सुमती मला त्या खुर्चीवरच बसवते. परवा म्हणाली, "हे नेहमी सांगायचे, अण्णांनी वेळेवर सावध केलं म्हणून वाचलो."

तिला खरं काय ते सांगायचं, असं ठरवूनच मी दर रविवारी जातो. कॉफी पितो आणि परत येतो.