खांबामागचा ‘दुसरा’

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. पनवेलजवळच्या कोन गावात एका साखरपुड्यात फोटो काढत होते. डीजे दणाणत होता आणि खिशातला फोन थांबायचं नाव घेत नव्हता. मांडवाबाहेर येऊन घेतला तर प्रदीपदादाच्या घरून वहिनी होत्या. “अगं, हे गेले…” एवढंच म्हणाल्या. गळ्यात प्रदीपदादानेच घ्यायला लावलेला कॅमेरा होता. रडायचीही सोय नव्हती, आत नवरी उभी होती. साखरपुडा पुरा केला आणि मग गाडीत बसून मनसोक्त रडले.

प्रदीपदादा मूळचा जासईचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. कॅमेऱ्याच्या एका छोट्या कंपनीचा पनवेल-उरण भागातला तो एकटाच प्रतिनिधी. कंपनीचं नाव इथे लिहिलं तर संपादक जाहिरात म्हणून कापतील, आणि तसंही ते कुणाच्या तोंडात बसलंच नाही. मोठ्या कंपनीचे हायवेवर बोर्ड, पनवेलच्या शोरूममध्ये दारापासून सगळं काउंटर तिचंच. दादाच्या कॅमेऱ्याला जागा खांबामागे, चार्जरच्या गठ्ठ्याशेजारी. सेल्समन त्याला ‘तो दुसरा’ म्हणायचे. हळूहळू दादाच ‘दुसरेकाका’ झाला. दुसरा कुणी असता तर चिडला असता. हा बाबा फोनवर स्वतःच सांगायचा, “हॅलो, दुसरे बोलतोय!”

मी नवा कॅमेरा घ्यायला गेले तेव्हाच आमची गाठ पडली. मी मोठ्या कंपनीचं नाव घेतलं, तसा हा खांबामागून आला. “बाय, नाव नंतर. आदी हातात घे, मंग बोल.” घेतला. हातात असा बसला की मी खाली ठेवलाच नाही. त्याचं सगळं भांडण एवढ्यापुरतंच होतं. कॅमेरा वाईट म्हणून नको म्हणा, चालेल. पण दिसलाच नाही म्हणून नको, हे त्याला सोसत नसे.

म्हणून त्याचा एक उद्योग होता. सकाळी शोरूम उघडलं की जायचं, आपला कॅमेरा खांबामागून उचलायचा, भिंगावरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसायचे आणि दाराजवळ सगळ्यात पुढे ठेवायचा. दुपारी तो पुन्हा खांबामागे. सकाळी हा पुन्हा हजर! काउंटरवरच्या शबानाची आणि त्याची रोजची जुंपायची. “काका, साहेब मला ओरडतात.” “वरडू दे. सायबाला पन हातात घ्यायला सांग.”

शेवटी मॅनेजरने निर्वाणीचं सांगितलं : दिवाळीत खपला नाही तर ही जागा जाणार. जागा गेली की पनवेलमधून कंपनीच गेली. मी काळजीत, आणि हा चहा भुरकत म्हणाला, “जागा कुटं जात नाय. तू बघशील!” पण बघायला तोच राहिला नाही. हृदयाने दगा दिला, तोही दिवाळी तोंडावर असताना. मला त्याचा राग आला होता, खरंच.

परवा मेमरी कार्ड घ्यायला शोरूममध्ये गेले. सवयीने खांबामागे डोकावले. रिकामं! नुसते चार्जर.

“काढला का गं?” शबानाला विचारलं.

“तिकडे काय बघता, ताई? तो बघा.” दाराजवळ, सगळ्यात पुढे तो बसला होता. भिंग लख्ख. “दिवाळीत खपले ना हे कॅमेरे! साहेबच म्हणाले, जागा राहू दे. आणि काका तर आता येत नाहीत… मग सकाळी मलाच पुढे ठेवावा लागतो.”

इतक्यात एक गिऱ्हाईक आलं आणि आल्या आल्या मोठ्या कंपनीचं नाव घेतलं.

“दाखवते ना,” शबाना म्हणाली आणि ओढणीच्या टोकाने भिंग पुसून तिने ‘दुसरा’ त्याच्यापुढे धरला. “आधी हातात घ्या, मग बोला.”